झाल्यात जमा

यशया भिंगारदिवे यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते. ती मी केली नसती, तर शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर फोनवर ओरडणारे एक काका, एवढीच त्यांची ओळख माझ्याकडे राहिली असती.

सावेडीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. खाली दातांचा दवाखाना. दिवसभर खालून ड्रिलचा आवाज येतो आणि अधूनमधून एखादी किंकाळी. आमचं काम तसं सोपं आहे. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांची उडालेली किंवा गळकी छपरं उतरवायची आणि नवे पत्रे चढवायचे. पुण्यातली एक कंपनी सामान देते, आम्ही माणसं लावून बसवून घेतो. जिल्ह्यातल्या अशा एकशेवीस शाळा आमच्या यादीत होत्या.

मी धनश्री. चार वर्षं पुण्यात कॉम्प्युटरवर लोकांच्या आकड्यांचे तक्ते करत होते. आईचे गुडघे दुखतात म्हणून नगरला परत आले, असं मी सांगते. आईचे गुडघे खरोखर दुखतात, पण त्याआधी माझी नोकरी गेली होती. संस्थेनं मला घेतलं ते डॅशबोर्ड करायला. कुठल्या शाळेचं काम कुठवर आलं हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्याला आम्ही ट्रॅकर म्हणतो. ट्रॅकर उघडला की नुसत्या ओळीच ओळी दिसतात. साहेब लोकांना ओळी आवडत नाहीत, रंग आवडतात. तेव्हा ट्रॅकरमधली माहिती दर पंधरा मिनिटांनी आपोआप ओढून घ्यायची आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर जिल्ह्याचा नकाशा दाखवायचा. तालुक्यावर क्लिक केलं की तालुका उघडणार, शाळेच्या ठिपक्यावर केलं की शाळा. झालेलं काम हिरवं, चालू असलेलं निळं, सुरूच न झालेलं लाल. मी हे काम डोळे मिटून करू शकते असं मला वाटत होतं, आणि साधारण तसंच मी ते केलं.

यशया काका तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खिशात दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. ते टाकून का देत नाही असं विचारलं तर म्हणायचे, "ते न्हाई चालत हे मला माहीत हाय ना, मग झालं." मूळचे कोल्हारचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. 'बघू' हा शब्द त्या घरात चालत नसे. बघायचं असेल तर जाऊन बघून ये आणि मग सांग, असं मास्तर म्हणत, आणि पोरगं खरोखर जाऊन बघून येई. पुढं यशया काकांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बावीस वर्षं काढली. मग बोर्डाची जागा एका पेटीनं घेतली. पेटीला पगार लागत नव्हता. काका आमच्या संस्थेत आले आणि त्यांनी पुन्हा फोनच हातात घेतला.

रोज सकाळी साडेदहाला ते पहिला फोन लावत. "नगर बोलतोय!" अशी सुरुवात. अख्खं शहर यांच्या तोंडून बोलतंय असा आवाज. जिल्ह्याचं नाव बदलल्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि "अहिल्यानगर बोलतोय, म्हंजे नगर" असं म्हणायला लागले. समोरचा गडी एवढ्यानंच दमायचा.

पलीकडे आमचे सुपरवायझर असत. तालुक्याला एक. यातले तरुण सुपरवायझर मोबाईलवरून स्वतःच ट्रॅकरमध्ये लिहायचे, बाकीचे काकांना फोनवर सांगायचे. पण कुणीही लिहिलं असलं तरी काका फोन करायचेच. कारण सुपरवायझर या जातीचा एक आवडता शब्द आहे. छपराखालच्या लोखंडी कैच्या बसल्या, पत्रे येऊन पडले, दोन माणसं आजारी आहेत, एक लग्नाला गेलाय, अशा अवस्थेला तो म्हणतो, "झाल्यात जमाच हाय." फार टोकलं तर म्हणतो, "हत्ती गेला, शेपूट राहिलं." काकांचं म्हणणं असं की, शेपूट राहिलंय म्हणजे हत्ती अजून दारातच उभा आहे.

म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. सुपरवायझर "झालं" म्हणाला की काका म्हणत, "खडा टाका."

"कसला खडा?"

"छपरावर एक खडा टाका. फोन वर धरा. मला ऐकू द्या."

छप्पर उताराचं असतं. त्यावर खडा पडला की आधी टण्ण वाजतो, मग खरखरत खाली घरंगळत येतो. हे दोन्ही आवाज आले तरच काका 'झालं' लिहीत. नुसतं टण्ण चालत नसे. बावीस वर्षं बोर्डावर बसलेला कान तो. कर्जत तालुक्याच्या मच्छिंद्रनं एकदा युक्ती केली. काका ऐकून शांतपणे म्हणाले, "मच्छिंद्र, हे जेवनाचं ताट हाय. जेवून घ्या, मग छपरावर टाका." दुसऱ्यांदा त्यानं भिंतीला टेकवून ठेवलेल्या पत्र्यावर खडा मारला, तेव्हा काका म्हणाले, "पत्रा उभा हाय. आडवा करा."

लोक बोलताना 'खडा टाकून बघू' म्हणतात, म्हणजे अंदाज घेऊ. काकांना अंदाज नको असायचा. त्यांना खडा हवा असायचा.

खडा वाजला नाही तर काय लिहायचं, हा प्रश्न होता. 'चालू' लिहावं तर सुपरवायझर भांडायचे, कारण तिथं महिनाभर कुणी फिरकलेलं नसे. 'झालं' लिहायचं तर काकांचा हात उठत नसे. शेवटी त्यांनी समोरच्यानं जे म्हटलं तेच लिहायला सुरुवात केली: झाल्यात जमा. कुणी मोबाईलवरून 'झाले' असं ठोकून दिलेलं असलं आणि खडा वाजला नाही, तर काका ते खोडून 'झाल्यात जमा' करत. ऑफिसात याला काकांचा विक्षिप्तपणा समजत. मीही समजत होते.

आता माझी चूक. ट्रॅकरमध्ये स्थितीचा रकाना मोकळा होता. यादीतून निवडायची सोय पूर्वी होती, पण ती सुपरवायझरांच्या मोबाईलवर उघडेना, म्हणून माझ्या आधीच्या कुणीतरी काढून टाकली होती. त्यामुळे एकाच गोष्टीचे सात अवतार झाले होते. झालं, झाले, झाल, झालय, झालंय, झालेलं आहे, आणि एका ठिकाणी झाल्ं. मी वैतागले आणि एका ओळीचा नियम लिहिला. जे काही 'झाल' या अक्षरांनी सुरू होतं ते हिरवं. नियम लिहून मी चहा प्यायला गेले.

डॅशबोर्ड लागला त्या दिवशी वैजनाथ सरांनी पेढे वाटले. सर आमच्या संस्थेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण टक्केवारी दिसली की त्यांचा चेहरा उजळतो. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत शहाण्णव टक्के आलं होतं. एकशेवीसपैकी एकशेपंधरा शाळा हिरव्या. "घोडं गंगेत न्हालं एकदाचं," सर म्हणाले. सत्तावीस मार्चला पुण्याच्या कंपनीतून पंकजा मॅडम पाहणीला येणार होत्या. एकतीस मार्चला योजना संपत होती. त्या दिवशी जी शाळा हिरवी असेल तिची फाईल बंद होणार, आणि गोडाऊनमध्ये उरलेले पत्रे दुसऱ्या जिल्ह्याला जाणार, असं ठरलेलं होतं.

काका पेढा हातात घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, याला हात लावला तर चालतं का?"

मी त्यांना माऊस दिला. त्यांनी कर्जत तालुका उघडला. मग मिरजगाव. मग त्याच्या पलीकडचा एक ठिपका, माळवस्तीची शाळा. ठिपका हिरवा होता. शेजारी लिहिलं होतं, पूर्ण.

"हे मी लिहिलं न्हाई," काका म्हणाले.

"तुम्ही लिहिलेलंच घेतलंय काका. थेट ट्रॅकरमधून येतं."

"मी झाल्यात जमा लिहिलंय."

पेढा माझ्या घशात अडकला, आणि हे मी शब्दशः सांगते आहे. मी ट्रॅकर उघडून मोजलं. एकतीस शाळांपुढं झाल्यात जमा लिहिलेलं होतं. एकतीसच्या एकतीस माझ्या नियमानं हिरव्या केल्या होत्या. खऱ्या झालेल्या चौऱ्याऐंशी. शहाण्णव नाही, सत्तर टक्के.

माळवस्तीची शाळा काकांनी आधी का उघडली, ते त्यांनी मला सांगितलं. त्या शाळेचं छप्पर दोन वर्षांपूर्वी वादळात उडालं होतं. बावीस पोरं, जयमालाबाई नावाच्या एक शिक्षिका. तेव्हापासून शाळा वस्तीवरच्या सहादू तात्यांच्या कांद्याच्या चाळीत भरत होती. काका सुपरवायझरखेरीज प्रत्येक शाळेच्या बाईंचा किंवा गुरुजींचा नंबर ठेवत, त्यामुळे जयमालाबाईंशी त्यांचं बोलणं व्हायचं. बाई म्हणाल्या होत्या, "काका, पोरांच्या वह्यांना कांद्याचा वास येतो. घरी आया विचारतात, शाळेत गेल्ता का मार्केट यार्डात." चाळीच्या फटींतून ऊन आत यायचं आणि पोरांच्या अंगावर पट्टे पडायचे. तात्या भला माणूस, जागेचं कधी काही बोलला नव्हता. पण एप्रिलमध्ये त्याचा गावरान कांदा निघणार होता, आणि कांदा काही झाडाखाली बसवता येत नाही. पोरं बसवता येतात.

"हिरवं राहिलं तर त्यांचे पत्रे दुसरीकडं जातील," काका म्हणाले. "आन ते माझ्या हातानं लिहिल्याचं दिसंल."

मी सरांकडे गेले. चूक सांगितली. नियम बदलायला दोन मिनिटं लागतील असंही सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "शहाण्णवचं सत्तर?"

"हो सर."

"मॅडम येऊन जाऊ देत, एकतीस तारीख जाऊ दे. मग बदल. आणि एक सांग, मराठीत झाल्यात जमा म्हणजे झालंच ना? आपण काही खोटं बोलत नाही. बोलीभाषा आहे."

मी हो म्हटलं. नोकरीला दोन महिने झाले होते आणि पहिली कशी गेली ते मला आठवत होतं. बाहेर येऊन काकांना म्हटलं, "एकतीस तारखेनंतर करू." काका म्हणाले, "एकतीसला तर फायली बंद व्हनार." मी म्हटलं, "बघू." ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला त्यांच्या वडिलांची भीती वाटली. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

पुढचे आठ दिवस काका माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. तेच मला जास्त लागलं. रोज सकाळी मच्छिंद्रला फोन करून खडा टाकायला सांगायचे, रोज खडा वाजायचा नाही, आणि रोज ते झाल्यात जमा लिहायचे. पंधरा मिनिटांनी माझा नकाशा ते हिरवं करून दाखवायचा.

सत्तावीस तारखेला पंकजा मॅडम आल्या. साध्या, सुती साडीतल्या, पन्नाशीच्या. चहा झाला. सरांनी नकाशा उघडून दाखवला, तालुके फिरवले. मॅडमना आवडला. मग सर उत्साहात आले. माणूस उत्साहात आला की हात दाखवून अवलक्षण करतो. म्हणाले, "आणि हे आमचे यशया काका. ही सगळी माहिती रोज फोन करून हेच भरतात. यात एक चूक सापडायची नाही."

काका उठून उभे राहिले. "एक हाय," ते म्हणाले.

सर हसत होते ते तसेच राहिले.

"एकतीस शाळा झालेल्या न्हाईत. झाल्यात जमा हायेत."

"म्हणजे तेच, मॅडम," सर घाईनं म्हणाले. "ग्रामीण भागात बोलतात तसं."

"मराठी मलाही येते," मॅडम म्हणाल्या. "काका, तुमच्या मते काय फरक आहे?"

काकांनी उत्तराची तयारी केलेली नव्हती, हे मला दिसत होतं. त्यांनी खिशातली दोन्ही पेनं चाचपली. मग म्हणाले, "माझी मुलगी हाय, एंजेला. चौतीस वर्षांची. नर्स हाय. तिचं लग्न तीनदा झाल्यात जमा हुतं. एकदा तर पत्रिकांचा कागुद पन पसंत केल्ता." ते थांबले. "ती घरीच हाय."

खाली ड्रिल सुरू झालं आणि थांबलं. मला लाज वाटली. आपल्या घरातलं दुखणं या माणसाला इथं चारचौघांत काढावं लागलं, ते दोन मिनिटांचं काम मी केलं नाही म्हणून.

"चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि कुणी विचारायच्या आत लॅपटॉप ओढून नियम बदलला. सगळ्यांच्या देखत नकाशा परत ओढला. एकतीस ठिपक्यांचा हिरवा रंग उडाला आणि ते राखाडी झाले. शहाण्णवचे सत्तर झाले. सरांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

"यांना रंग कुठला देऊ?" मी विचारलं. विचारलं मॅडमना, उत्तर काकांनी दिलं.

"पिवळा द्या. हळद लागलीय, लग्न ऱ्हायलंय."

मॅडमनी एकतीसच्या एकतीस पिवळे ठिपके एकेक करून उघडले. दीड तास लागला. माळवस्तीला आल्यावर काकांनी कांद्याच्या चाळीचं सांगितलं, आणि मॅडमनी तिथंच पुण्याला फोन लावला. पिवळ्या शाळांना जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली. पत्रे गोडाऊनमध्येच राहिले.

चार दिवसांनी काका माझ्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला. मला वाटलं सर काही बोलले.

"ताई, एक मेल करायचाय. पंकजा मॅडमना."

"काय लिहू?"

"एंजेलाला मी सांगितलं, तुझं उदाहरन दिलं म्हनून. दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हनाली, पप्पा, तीनदा न्हाई, दोनदाच. तिसऱ्याला मीच नको म्हनाले." काका खुर्ची ओढून बसले. "आमाला वाटत हुतं त्यानंच मोडलं. आमी दोन वर्षं त्याच्याशी बोललो न्हाई."

"मग?"

"मग मी मॅडमना चुकीचा आकडा दिला ना. तीन ऐवजी दोन वाचावे, असं लिहा."

मी लिहिलं. मॅडमचं उत्तरही आलं: नोंद घेतली. काकांनी त्याची प्रिंट काढून घेतली. एंजेलाला दाखवायला असावी.

सर काकांवर ओरडले वगैरे नाहीत. उलट जास्तच गोड बोलायला लागले. काकांचा करार दरवर्षी तीस एप्रिलला संपायचा आणि एक मेला नवा व्हायचा. गेली तेरा वर्षं तसंच चाललं होतं. अठ्ठावीस एप्रिलला काकांनी विचारलं, तेव्हा सर खुर्चीतून उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, काळजी करू नका. तुमचं झाल्यात जमा आहे."

काका टेबलापाशी परत आले. खण उघडला. चष्म्याचं घर, नंबरांची वही, डबा, डब्याची पिशवी. सगळं पिशवीत भरायला लागले.

"काका, अहो सर म्हणाले ना होईल म्हणून!"

"काय म्हनाले ते मी ऐकलंय," काका म्हणाले.

नंबरांची वही त्यांनी परत बाहेर काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. न चालणारं पेनसुद्धा ठेवलं. "हे चालत न्हाई," म्हणाले, "फसू नका." एक मे आला आणि गेला. करार झाला नाही. अजून झालेला नाही. सरांना विचारलं तर अजूनही तेच उत्तर देतात.

त्यांचे फोन माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी "हॅलो, मी सावेडी ऑफिसमधून बोलते आहे" असं म्हटलं, तर मच्छिंद्रनं "काका न्हाईत का?" म्हणून फोनच ठेवला. आठवडाभरानं मी "नगर बोलतेय" म्हणायला लागले. "खडा टाका" म्हणायलाही लागले. सुरुवातीला मला पत्रा आणि परात यांतला फरक कळेना. एका शाळेला मी झालं लिहून टाकलं आणि बाईंना फोन केला, तर कळलं की मच्छिंद्रनं मंदिराच्या सभामंडपावर खडा टाकला होता. छप्पर तेही उताराचंच, खडा घरंगळलाही होता. मी ती शाळा परत पिवळी केली आणि मच्छिंद्रला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तो मला घाबरायला लागला. काकांना घाबरत नव्हता, त्यांना नुसता मानायचा. दोन्हींनी काम होतं, पण घाबरवायला कष्ट जास्त पडतात.

पिवळे ठिपके एकेक करून हिरवे होत गेले. मेमध्ये एकोणीस, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अकरा. माळवस्ती सगळ्यांत शेवटी, कारण तिथं टेम्पो जायचा रस्ता एका ओढ्यातून होता आणि ओढ्याला अवकाळीचं पाणी होतं. एप्रिलमध्ये तात्यांचा कांदा ठरल्याप्रमाणे चाळीत आला होता. पोरांची परीक्षा तात्यांच्या ओसरीत झाली, आणि तात्यांनी पोरांना कांदाभाकर दिली, असं बाई म्हणाल्या. पोरांना आता दुसरं काहीही चाललं असतं.

सोळा जूनला शाळा उघडल्या. सव्वाअकराला मच्छिंद्रचा फोन आला.

"मॅडम, झालं."

"झालं का झाल्यात जमा?"

"झालं, मॅडम. आईशप्पत. खडा टाकतो."

"थांब," मी म्हटलं. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. जयमालाबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "ताई, काकांना ऐकवता येईल का? पोरं म्हणतात खड्याच्या काकांना ऐकवायचं."

मी काकांना घरी फोन लावला आणि सगळ्यांना एका कॉलवर जोडलं. काका आले तेच "नगर बोलतोय" म्हणत. घरातून, बनियनवर बसून बोलत असतील, पण आवाज तोच.

मच्छिंद्रनं फोन वर धरला. क्षणभर काहीच नाही. मग टण्ण. मग खरखरत, उड्या मारत तो खडा खाली आला, आणि शेवटी मातीत पडल्याचा बारीक आवाजसुद्धा मला ऐकू आला. मला आता तो येतो.

"दुसऱ्या अंगाला," काका म्हणाले.

दुसऱ्या अंगाला टाकला. टण्ण, खरखर. मग एकदम गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. बावीस पोरांनी एकेक खडा उचलला होता.

"बास! बास करा!" काका ओरडले. "भोकं पाडता का नव्या पत्र्याला!" आणि मग मी त्यांना हसताना ऐकलं. तेरा वर्षांत ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं म्हणे.

बाईंनी पोरांना वर्गात नेलं, मच्छिंद्रनं फोन ठेवला. आम्ही दोघंच कॉलवर राहिलो.

"लिहा, ताई," काका म्हणाले. "झालं."

मी 'झालं' लिहिलं, अनुस्वारासकट.

"टीव्हीवर आलं का?"

"पंधरा मिनिटं लागतात काका. ते पंधरा मिनिटांनी ओढतं. हिरवं झालं की मी फोन करून सांगते तुम्हाला."

"थांबतो की," काका म्हणाले. "मला आता कुठं जायचंय?"

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. खाली ड्रिल चालू होतं. कर्जत तालुक्यात मिरजगावच्या पलीकडे एक ठिपका पिवळा होता. सर केबिनमधून बाहेर आले, टीव्हीकडे बघून परत आत गेले. काका मधे एकदा खोकले. मग त्यांनी विचारलं, "झाला का हिरवा?"

अकरा मिनिटं झाली होती. दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून नाही."

"बरं," ते म्हणाले. आवाजावरून खूश वाटले.